सोडतो म्हणायचं राहिलं

जुन्नरबद्दल लिही असं मला अनेकांनी सुचवलं आणि प्रत्येक वेळी मी काहीतरी कारण काढलं. नोकरीत असताना वेळ नव्हता, नंतर डोळे चांगले नव्हते. खरं कारण वेगळं होतं. माझं लहानपण आणि तरुणपण जुन्नरला गेलं, हे माझ्या सुनेलासुद्धा लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं. नाशिकच्या रस्त्याला नारायणगाव आलं की मी गाडीत झोपेचं सोंग घ्यायचो. तिथून पश्चिमेला जाणाऱ्या फाट्याकडे मला बघवत नसे. आता वय असं झालंय की टाळायचं म्हटलं तरी टाळायला दिवस फारसे उरलेले नाहीत. म्हणून यंदा माघात जाऊन आलो, आणि जे पाहिलं ते जुन्नरला कधी न गेलेल्यांसाठी लिहितो आहे. जे पूर्वी घडलं, तेही लिहितो आहे.

निमित्त झालं मोबाइलवरच्या एका चित्रफितीचं. सून हसत हसत म्हणाली, "बाबा, बघा, मुली काय तलवारी खेळतायत!" ओढ्याकाठच्या मैदानात दोन मुली तलवारीला तलवार लावून गोल फिरत होत्या. मी कौतुकानं बघत होतो, तेवढ्यात त्यातली एक ओरडली, "सोडते!" दुसरी म्हणाली, "सोड!" आणि मगच पाती वेगळी झाली.

मी चहा खाली ठेवला आणि चित्रफीत पुन्हा लावली. तलवारबाजी पुष्कळ ठिकाणी शिकवतात. पण पातं सोडण्याआधी मोठ्यानं सांगायची रीत माझ्या माहितीत एकाच तालमीत होती, आमच्या.

जुन्नर

जुन्नरच्या स्टँडवर पोपटशेठ घ्यायला आला होता. पोपटशेठ म्हणजे माझा शाळेतला मित्र. त्याचे पणजोबा राजस्थानातून येऊन इथं किराणाचं दुकान टाकून बसले, आणि पोपट स्वतः जुन्नरबाहेरची मराठी ऐकली की नाक मुरडतो. तालमीत तो रोज यायचा, पण त्याच्या आईनं शस्त्राला हात लावायचा नाही अशी शपथ घातलेली. त्यामुळे तो कडेला बसून सगळ्यांच्या चुका काढायचा.

"वसंता, लेका, जिवंत आहेस!" त्यानं मला मिठी मारली. "मी तर तुझ्या नावानं एकदा लाडू पण खाऊन घेतलेत."

"जैन माणसानं तेराव्याचे लाडू खाल्ले?"

"लाडवाला कसली आलीय जात?"

त्याच्या घरी कांदा-लसूणही चालत नाही, पण पाहुण्याची आवड त्याला ठाऊक. मला तो थेट एका खानावळीत घेऊन गेला आणि स्वतः ताकाचा पेला घेऊन समोर बसला. मासवडी आली. पुण्यात मासवडी म्हणून जे मिळतं ते खाऊन कुणी मत बनवू नये. बेसनाचा पातळ पापुद्रा, आत खोबरं, तीळ आणि लसणाचं झणझणीत सारण, आणि वर रस्सा असा की नाक वाहायला लागावं. मासोळीच्या आकाराच्या त्या वड्यांत मासा औषधालाही नसतो. मी खात होतो आणि खिडकीतून शिवनेरीचा कडा दिसत होता. इतका आनंद झाला की कशासाठी आलोय याचा घटकाभर विसर पडला.

संध्याकाळी पोपट मला मैदानावर घेऊन गेला. चित्रफितीतली मुलगी तिथं होतीच. नाव सायली, कॉलेजात शिकते आणि लहान मुलींना तलवार शिकवते. पोपटनं ओळख करून दिली, "हे वसंतराव. तुझ्या आजोबांचे जोडीदार."

तिचा चेहरा एकदम फुलला. "म्हणजे ते वसंता आजोबा? आजोबा तुमचं नाव रोज काढतात."

सायली हैबतीची नात, त्याच्या मुलीची मुलगी. हैबती माझा जोडीदार होता. त्याच्याबद्दल पुढे सांगेनच. त्या क्षणी मी काही बोलण्याआधी तिनं माझ्या हातात तलवार दिली.

बोथट, सरावाची तलवार. पण मूठ हातात आली आणि अंगावर काटा आला. मी नको नको म्हणत होतो आणि बोटं मात्र आपोआप जागच्या जागी बसली होती.

"आजोबा, फक्त पातं लावा. बाकी काही नको," सायली म्हणाली.

हे ज्यांनी कधी केलेलं नाही त्यांना थोडं समजावून सांगायला हवं. लोकांना वाटतं, तलवारबाजी म्हणजे खणखणाट. आमचे वस्ताद म्हणायचे, खणखणाट होतोय म्हणजे दोघंही बहिरे आहेत. धारेवर धार आपटायची नाही. समोरच्याचं पातं आपल्या पात्याच्या चपट्या अंगावर घ्यायचं आणि चिकटून राहायचं. मुठीजवळच्या भागाला ते खोड म्हणत आणि टोकाकडच्या भागाला शेंडा. त्याचा शेंडा आपल्या खोडावर आला, तर तो कितीही दांडगा असला तरी आपल्या ताब्यात. उलटं झालं, आपला शेंडा त्याच्या खोडाखाली सापडला, तर जोर करून उपयोग नाही. तिथं पडतं घ्यायचं. त्यानं ढकललं की शेंडा खाली जाऊ द्यायचा, पाय बाजूला टाकायचा, आणि त्याच्याच जोरावर आपलं पातं फिरून वर येतं. हे सगळं डोळ्यांनी करायला गेलं तर उशीर होतो. समोरचा दाबतोय की फसवतोय, हे पात्यातून मनगटाला कळतं. म्हणून पातं चिकटलेलं असेपर्यंत दोघंही सुरक्षित. धोका सुटण्यात. न सांगता सोडलं, तर दाबणारा पोकळीत जातो. म्हणून सोडण्याआधी "सोडतो" म्हणायचं, "सोड" ऐकायचं. सरावात न सांगता जो सोडेल, पुढे जे होईल त्याचा दोष त्याच्या माथी. ही आमच्या तालमीची रीत.

सायलीनं पातं लावलं आणि हळूच दाबलं. माझं मनगट जागं झालं! मी पडतं घेतलं, पाय टाकला, आणि माझं टोक तिच्या खांद्यापाशी.

"आई गं!" ती ओरडली. पोरी टाळ्या पिटायला लागल्या. मी लहान मुलासारखा म्हणालो, "पुन्हा!" मग पुन्हा, आणि पुन्हा. गुडघे दुखत होते, दम लागत होता, पण तिच्या मनातली चाल तिच्या आधी मला कळत होती. या वयात कुणी आपल्याशी इतकं स्पष्ट बोलत नाही, जितकं ते पातं बोलत होतं.

"बास कर रे," पोपट ओरडला, "नाहीतर परत लाडू खावे लागतील."

दमून कडेला बसलो. सायलीनं मुलींना गोल बसवलं आणि रोजचा धडा दिला. ती म्हणाली, "पातं का नाही सोडायचं? सांगा."

पोरी एका सुरात म्हणाल्या, "सोडलं की हैबती आजोबांसारखी बोटं जातात!"

"आजोबांनी काय चूक केली व्हती?"

"न सांगता सोडलं!"

मी घाम पुसायचा थांबलो. कारण पातं हैबतीनं सोडलेलं नव्हतं.

आणे

दुसऱ्या दिवशी डिंभ्याला जायचं ठरलं. हैबती तिथं मुलीकडे राहतो. डिंभे पश्चिमेला, पण पोपटला मला आधी पूर्वेला आण्याला न्यायचंच होतं. "जिथं झालं ती जागा बघायला नको?" तो म्हणाला. मला नको होती. पण कारण सांगणार काय?

पोपटची व्हॅन त्याच्याइतकीच म्हातारी आहे. तो गाडी चालवताना मागे वळून बोलतो. मागच्या सीटवर सायली तलवारींचं गाठोडं मांडीवर घेऊन, "शेठ, रस्त्याकडं बघा!" म्हणत बसली होती. आळेफाटा मागे पडला, बेल्हे गेलं आणि गाडी पठारावर चढली. जुन्नरची हिरवी बागायत अचानक संपते. आण्याला खडक, खुरटी बोरं-बाभळी, मेंढरं आणि वारा. लहानपणी मला हे पठार उजाड वाटायचं. आता त्या मोकळ्या वाऱ्यानं छाती भरून आली. पोपटच्या ओळखीच्या एकांनी शेतात हुरडा भाजला होता. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कोवळी कणसं हातावर चोळून ते आम्हाला गरम दाणे देत होते, सोबत तीळ-खोबऱ्याची चटणी. मी फुंकर मारत खात होतो. पुण्यात आमच्या सोसायटीत हुरडा पार्टीची तिकिटं असतात. इथं "घ्या की राव, लाजता काय" याखेरीज काही लागलं नाही.

मग पोपट आम्हाला यात्रेच्या मैदानाकडे घेऊन गेला. आण्याची यात्रा आमटी-भाकरीसाठी सगळीकडे माहीत आहे. एरवी तिथं फक्त वारा असतो. पोपटनं छत्रीची तलवार केली.

"बघ सायली. इथं माणसं, तिथं हलगीवाले. वसंता डावीकडं, तुझा आजा उजवीकडं. पाती चिकटलेली. आणि तुझ्या आज्यानं एकदम सोडलं, असं! त्यासरशी याची तलवार गरकन फिरली, ती आली ती थेट त्याच्या बोटांवर."

त्यानं छत्री इतक्या जोरात सोडली की ती वाऱ्यावर उडाली आणि तिच्यामागे धावताना तो जवळजवळ पडला. सायली हसून लोटपोट झाली. मीही हसलो. मग म्हणालो, "मी उजवीकडे होतो."

इतकंच म्हणालो. तोंड उघडलं होतं, वाक्य सुरू झालं होतं, आणि मी फक्त उजवं-डावं दुरुस्त करून थांबलो.

जे झालं ते असं. आम्ही दोघंही विशीतले. गर्दी दाटलेली, हलगी टिपेला. हैबतीचं पातं माझ्या पात्यावर टेकलेलं, मऊ, भरवशाचं. गर्दीत कुणीतरी शिट्टी मारली आणि माझ्या डोक्यात आलं, डोक्याभोवती एक फेक, म्हणजे तलवारीचा पुरा गोल फेरा, मारून दाखवावी. ती सरावात नव्हती. मी "सोडतो" म्हणालो नाही. पातं काढलं आणि गरकन फिरवलं. हैबती माझ्या पात्यावर टेकलेला होता, तो पुढे पोकळीत आला. फिरून येणारी माझी तलवार त्याच्या उजव्या हातावर बसली. धार नव्हती, पण लोखंड ते लोखंड. दोन बोटं मोडली ती पुन्हा कधी वळली नाहीत. पोलीस भरतीला जायची त्याची सगळी तयारी झालेली होती. ती तिथंच संपली.

वस्ताद धावत आले. त्यांनी एकच विचारलं, "कुणी सोडलं?"

मी म्हणालो, "त्यानं."

फेक सगळ्यांनी पाहिली, पण आधी कोण सुटलं हे बघणाऱ्यांपैकी कुणालाच कळणं शक्य नव्हतं. पातं सुटलेलं दोघांनाच कळतं. वस्तादांनी हैबतीकडे पाहिलं. तो हात पोटाशी धरून खाली मान घालून बसला होता. काही बोलला नाही. मला तेव्हा वाटलं, तो मला वाचवतोय. पुढे मी पुण्यात नोकरी धरली, तलवारीला हात लावला नाही, आणि आयुष्यभर हेच समजत आलो की हैबतीला सगळं ठाऊक आहे आणि त्यानं मला माफ केलेलं नाही.

पारगावच्या वाटेवर

आण्याहून खाली उतरलो की पुन्हा ऊस सुरू होतो. पारगावच्या साखर कारखान्याचा धूर दिसायला लागला आणि मळीचा तो आंबूस वास आला. पुढे उसाची ट्रॉली कलंडली होती. सगळा रस्ता उसानं भरलेला. एक तोडणीवाली बाई कमरेवर हात ठेवून ट्रॅक्टरवाल्याला झाडत होती, "तुला सांगितलं व्हतं, लई भरू नको म्हनून! आता उचल समदा एकट्यानं!" तो मोबाइल कानाला लावून कुणीच पलीकडे नसताना "हो साहेब, हो साहेब" म्हणत होता.

आम्ही उतरलो. एकानं आम्हाला ऊस दिला. माझे दात आता माझे नाहीत, म्हणून सायलीनं कोयत्यानं बारीक गंडेऱ्या करून दिल्या. चोखता चोखता ती म्हणाली, "आजोबा, एक विचारू? पातं सुटलेलं दोघांनाच कळतं ना? मग दोघांतला एक खोटं बोलला तर?"

गंडेरी माझ्या गालात तशीच राहिली. मी म्हणालो, "दुसऱ्याला माहीत असतं की."

"नसतं," ती म्हणाली. "आमचे आजोबा म्हनतात, मला कळलंच न्हाई कसं सुटलं. हलगी वाजत व्हती. वसंता म्हनला तवा समजलं, की माझ्याकडनं सुटलं."

म्हणजे तो मला वाचवत नव्हता. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला होता. एवढी वर्षं मी त्याच्या रागाला भीत होतो, आणि तो राग नव्हताच. त्यानं माझं खोटं घेऊन आपलं पातं, आपलं मनगट खोटं ठरवलं होतं. नातीच्या तोंडून पोरींना रोज तोच धडा मिळत होता.

मी तिथंच ठरवलं, आज सांगायचं. ठरवल्यावर, खोटं कशाला सांगू, हलकं वाटलं. मंचरला भेळ खाल्ली, घोडेगावला चहा घेतला. मी सायलीला वस्तादांच्या नकला करून दाखवल्या, पोपट गाडी रस्त्याबाहेर घालेपर्यंत हसला. आणि सबंध वाटभर मनात एक वाक्य घोळवत होतो.

डिंभे

धरणाचं पाणी उन्हात चांदीच्या पत्र्यासारखं पसरलं होतं. पलीकडे भीमाशंकरकडचे डोंगर निळे. स्टँडजवळ माणसं बसची वाट बघत होती. "कधी येते?" विचारलं तर एक जण म्हणाला, "येती तवा येती, पावणं."

हैबती अंगणात मासे धरायच्या जाळ्याला गाठी मारत बसला होता. उंच, वाळलेला, डोक्याला मफलर. उजव्या हाताची दोन बोटं काठीसारखी सरळ. मला पाहून तो उठला नाही, जाळंही सोडलं नाही. फक्त म्हणाला, "आलास? मी म्हनलं, हे येडं मेलं बिलं का काय."

"पोपटनं लाडू खाल्ले माझे."

"मला दिलं न्हाई एक बी!" असं म्हणून तो उठला, आणि मग आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांचे दंड धरून उभे होतो.

त्याच्या मुलीनं धरणातला मासा तव्यावर तळला होता. तांदळाच्या पिठात घोळलेला, कडेनं कुरकुरीत. सोबत भाकरी. पोपटला वेगळा दूधभात. जेवताना मला सांगायचं होतं, पण मुलगी वाढत होती, सायली बडबडत होती. मग हैबतीनं कोपऱ्यातून दोन वेताच्या काठ्या काढल्या.

"ये. बगू काय ऱ्हायलंय."

तो आता डाव्या हातानं खेळतो. काठीला काठी लागली आणि मी चकित झालो. जुन्नरला पोरींबरोबर मी वस्ताद होतो. इथं मी पुन्हा शिष्य होतो. त्याची काठी माझ्या काठीवर फुलपाखरासारखी बसली होती आणि तरी मला हलता येत नव्हतं. मी दाबायचा विचार केला की तो आधीच पडतं घेऊन बाजूला. मी मऊ झालो की तो सरळ आत. आम्ही अंगणभर फिरलो. कोंबड्या पळाल्या. दोघंही धापा टाकत हसत होतो. एवढा आनंद मला माझ्या मुलाच्या लग्नातसुद्धा झाला नव्हता.

आणि तेव्हा सुचलं. जे तोंडानं सांगता येत नाही ते काठीनं सांगावं. त्याला मनगटात कळेल, त्या दिवशीसारखंच. मी "सोडतो" न म्हणता काठी काढली आणि डोक्याभोवती फिरवली. हळू, अगदी हळू, पण तीच फेक.

हैबती पोकळीत आला. पण त्यानं पाय टाकून तोल सावरला, आणि थांबला. माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, कळलं. आता तो बोलेल आणि मी बोलेन.

"आसं व्हतं व्हय," तो हळू म्हणाला. "मी सोडलं तवा आसं वाटलं व्हय तुला."

"हैबती—"

"थांब, मला बोलू दे. लई वर्सं मनात हाय." त्यानं काठी खाली टेकली. "मी न सांगता सोडलं आन् तुझ्या हातनं पाप घडलं. त्या भ्यानं तू तालीम सोडली, गाव सोडलं. मला बोटाचं काय न्हाई वाटलं रं. पन माझ्यापायी तुझं मनगट वाया गेलं. तुझं मनगट माझ्यापरीस चांगलं व्हतं. तू म्हनला म्हंजे तसंच आसनार." त्यानं दोन्ही हात जोडले. ती दोन बोटं जोडली गेली नाहीत, बाहेर राहिली. "माफ कर मला, वसंता."

मी त्याचे हात खाली ओढले. तेवढ्यात रस्त्यावरून हॉर्न आला आणि सायली ओरडली, "आजोबा, बस! आता गेली तर सकाळीच!" पोपटची व्हॅन घोडेगावलाच बंद पडून गॅरेजात होती, तिथून पुढे आम्ही जीपनं आलो होतो, त्यामुळे ती बस धरणं भाग होतं. हैबतीच माझी पिशवी घेऊन पुढे पळाला. खिडकीतून त्यानं कागदात बांधलेला तळलेला मासा दिला आणि म्हणाला, "परत ये. नुसतं तोंड दाखवायला न्हाई, खेळायला."

बस सुटली. मी मान हलवली. एवढंच केलं.

पुण्याहून तीन-चारदा फोन केला. प्रत्येक वेळी तो खूश होऊन मोठ्यानं बोलतो, घरातले सगळे ऐकत असतात, आणि मी तब्येतीचं विचारून फोन ठेवतो. हे छापून आलं की सायली त्याला अंगणात बसवून वाचून दाखवेल, कदाचित मैदानावरच्या पोरीही ऐकतील. खोटं मी चारचौघांत बोललो होतो. पारगावपासून डिंभ्यापर्यंत मनात घोळवलेलं वाक्य म्हणून इथंच ठेवतो.

हैबती, पातं मी सोडलं. तू नाही. सोडतो म्हणायचं माझ्याकडून राहिलं. मला माफ कर.